डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी घरच्या घरी जीवशास्त्र : अभ्यासक्रम निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववी ते बारावीच्या वयाच्या मुलांना घरी शिकवणारे पुण्यातील पालक मला गेली काही वर्षे जे प्रश्न विचारत आले आहेत, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मी जीवशास्त्र शिकवते. डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरे वाचण्यात येणारी अडचण, असलेल्या माझ्या मुलीचे नववी ते बारावीचे शिक्षण आम्ही घरीच केले. त्यामुळे काही उत्तरे नियमांची आहेत, तर काही आमच्या जेवणाच्या टेबलावर, चुकतमाकत सापडलेली आहेत.

निवडीची सुरुवात पुस्तकापासून करावी की परीक्षेपासून?

परीक्षेपासून. बहुतेक पालक आधी चांगले पुस्तक शोधतात, ते वर्षभर शिकवतात आणि मग मुलाला कोणत्या मंडळाची परीक्षा देता येईल याची चौकशी करतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाच्या बाबतीत हा क्रम महागात पडतो, कारण प्रश्न किती दीर्घोत्तरी असतील, प्रात्यक्षिक कसे होईल, लेखनिक आणि जादा वेळ मिळेल का, एका वेळी किती विषय द्यावे लागतील, हे सारे मंडळ ठरवते आणि मुलाच्या अडचणीचा खरा सामना तेथेच होतो. मंडळ ठरले की पाठ्यक्रम आपोआप ठरतो. त्यानंतर आपल्या हातात उरते ते एवढेच, की तो पाठ्यक्रम छापील मजकुराखेरीज आणखी किती वाटांनी मुलापर्यंत पोहोचवता येईल. माझ्या मते पालकाने आपली सगळी शक्ती या दुसऱ्या प्रश्नावर लावावी.

पुण्यात राहून घरी शिकणाऱ्या मुलासाठी कोणती मंडळे खुली आहेत?

प्रत्यक्षात तीन वाटा विचारात घेण्याजोग्या आहेत. सीबीएसईच्या परीक्षेला शाळेत नाव नसताना बसणे बहुतेक मुलांना शक्य होत नाही, म्हणून ती वाट येथे सोडून दिली आहे.

पहिली वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. तिचे प्रादेशिक केंद्र पुण्यातच आहे. माध्यमिक परीक्षेच्या प्रवेशासाठी किमान वय १४ आणि उच्च माध्यमिकसाठी १५ लागते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. नोंदणी पाच वर्षे टिकते, त्या काळात नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला या शेवटच्या सोयीचे मोल सर्वांत जास्त आहे. जीवशास्त्रासारखा शब्दजड विषय एका सत्रात एकटाच द्यायचा आणि इतर विषय पुढच्या सत्रांसाठी ठेवायचे, ही मुभा राज्य मंडळात सहसा मिळत नाही. आम्ही तेच केले. माध्यमिक स्तरावर जीवशास्त्र हा विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयाचा भाग असतो, तर उच्च माध्यमिक स्तरावर तो ३१४ क्रमांकाचा स्वतंत्र विषय आहे आणि त्याची प्रात्यक्षिक परीक्षाही होते. लेखी परीक्षेखेरीज घरून लिहून द्यायचा स्वाध्यायही असतो, ज्याला टीएमए म्हणतात. त्यावर घाई न करता काम करता येत असल्यामुळे लिहायला वेळ लागणाऱ्या मुलाने तो कधीही सोडू नये.

दुसरी वाट राज्य मंडळाची. खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा देता येते. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विषयाचे दोन भाग असून जीवशास्त्राचा मुख्य भार भाग २ वर आहे. आनुवंशिकता व उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रिया, प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान ही प्रकरणे त्यात येतात. मराठीतून शिकणाऱ्या मुलासाठी ही वाट सर्वांत ओळखीची आहे. मात्र अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीत शिकवले जाते, हे दहावीच्या आधीच लक्षात घ्यावे.

तिसरी वाट केंब्रिजच्या आयजीसीएसईची, म्हणजे दहावीच्या स्तरावरील आंतरराष्ट्रीय परीक्षेची आहे. तेथे जीवशास्त्र हा स्वतंत्र विषय असून त्याचा क्रमांक ०६१० आहे. ही परीक्षा खर्चिक आहे, परंतु तिच्यात प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिकाच्या पाचव्या प्रश्नपत्रिकेऐवजी सहावी, म्हणजे प्रात्यक्षिकाला पर्यायी अशी लेखी प्रश्नपत्रिका निवडता येते. घरी प्रयोगशाळा नसलेल्या कुटुंबाला ही मोठी सोय आहे. बारावीच्या स्तरावरील ए लेव्हलच्या जीवशास्त्रात मात्र प्रत्यक्ष प्रयोगाची प्रश्नपत्रिका टाळता येत नाही. खासगी विद्यार्थी स्वीकारणारी शाळा परीक्षा केंद्र म्हणून आधी शोधावी लागते, आणि जादा वेळ किंवा लेखनिकाचा अर्जही त्या शाळेमार्फतच, परीक्षेच्या बऱ्याच आधी करावा लागतो. म्हणून पहिल्याच भेटीत शाळेला शुल्काबरोबर हेही विचारावे, की अशा सवलतींचे अर्ज त्यांनी पूर्वी केले आहेत का.

माध्यम मराठी ठेवावे की इंग्रजी?

मराठी लिपीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बऱ्याच अंशी स्थिर असते, इंग्रजीत ते तसे नसते. म्हणून पुष्कळ मुलांना मराठी वाचन तुलनेने सोपे जाते. परंतु डिस्लेक्सिया एका भाषेपुरता राहत नाही. मराठीत तो ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांत दिसतो, आणि जीवशास्त्राची मराठी परिभाषा जोडाक्षरांनी भरलेली आहे. ‘आंतर्द्रव्यजालिका’ किंवा ‘अर्धगुणसूत्री विभाजन’ हे शब्द पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाचा चेहरा मला नेहमी आठवतो.

तरीही या शब्दांत एक मोठी सोय दडलेली आहे : त्यांचा अर्थ त्यांच्या पोटातच असतो. ‘क्लोरोप्लास्ट’ ऐकून मुलाला काहीच कळत नाही, पण ‘हरितलवक’ म्हटले की निदान हिरवे काहीतरी डोळ्यांसमोर येते. ‘उभयचर’, ‘सस्तन’, ‘अपृष्ठवंशी’, ‘दृश्यकेंद्रकी’ हे शब्द फोडले की व्याख्या अर्धी पाठ झालेली असते. म्हणून माझा सल्ला असा, की परीक्षा इंग्रजीत द्यायची असली तरी संकल्पना प्रथम मराठीत, तोंडी समजावून द्यावी आणि मग इंग्रजी संज्ञा तिच्यावर चिकटवावी. यात वेळ दुप्पट जातो असे वाटते, पण एकदा समजलेली गोष्ट परत परत वाचावी लागत नसल्यामुळे तो भरून निघतो.

उच्च माध्यमिक स्तरावर जीवशास्त्राचे साहित्य कोणत्या भाषांत मिळते, हे प्रवेशाच्या वर्षी मंडळाकडे स्वतः तपासावे.

पुस्तक किंवा तयार अभ्यासक्रम निवडताना नेमके काय पाहावे?

पहिली तपासणी अगदी साधी आहे आणि तिला पाच मिनिटेही लागत नाहीत. पुस्तकाची पीडीएफ फोनवर किंवा संगणकावर उघडून एका परिच्छेदावर बोट दाबून धरावे. मजकूर निवडला जातो का, आणि तो दुसरीकडे चिकटवल्यावर तसाच उमटतो का, ते पाहावे. पाने स्कॅन केलेली असतील तर मजकूर निवडलाच जात नाही, आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवणी केलेली मराठी पुस्तके असतील तर चिकटवल्यावर भलतीच चिन्हे येतात. दोन्ही प्रसंगी फोनमधील वाचून दाखवणारा आवाज निरुपयोगी ठरतो. पुस्तक कितीही सुंदर असो, ते फोनला वाचता येत नसेल तर वर्षभर ते वाचून दाखवण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल, हे लक्षात घेऊन निर्णय करावा.

दुसरी गोष्ट पानाच्या मांडणीची. ओळींमधले अंतर पुरेसे आहे का, आकृती आणि तिचे स्पष्टीकरण एकाच पानावर आहे का, नावे आकृतीच्या भागांशेजारीच लिहिली आहेत की ‘अ, ब, क’ लिहून खाली यादी दिली आहे, हे पाहावे. अशी यादी असली की मुलाची नजर वर-खाली धावते आणि आकृती समजण्याआधीच ते थकते. डिस्लेक्सियासाठी म्हणून तयार केलेले खास फॉन्ट किंवा रंगीत पारदर्शक कागद विकत घेण्याचा आग्रह मी धरत नाही, कारण त्यांच्या उपयोगाचा पुरावा दुबळा आहे. मोठा टाइप आणि मोकळी जागा यांनी अधिक फरक पडतो.

तिसरी गोष्ट स्वाध्यायांची. ‘रिकाम्या जागा भरा’ आणि ‘जोड्या लावा’ यांचीच भरताड असलेली कार्यपुस्तिका जीवशास्त्राऐवजी शुद्धलेखनाची परीक्षा घेते. ‘सांगा’, ‘काढून दाखवा’, ‘निरीक्षण करा आणि कारण द्या’ अशा क्रियापदांचे प्रश्न किती आहेत, ते मोजावे.

बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मोफत उपलब्ध आहेत आणि त्यांतील क्यूआर कोड दीक्षा या मंचावरील दृक्-श्राव्य साहित्याकडे नेतात, म्हणून पैसे खर्च करण्याआधी ती वापरून पाहावीत. इंग्रजीत चालत असेल तर ओपनस्टॅक्सची जीवशास्त्राची पुस्तके मोफत आहेत. ती संकेतस्थळावर साध्या मजकुराच्या रूपात असल्यामुळे वाचून दाखवणाऱ्या आवाजाशी त्यांचे उत्तम जुळते. खान अकॅडमीच्या ध्वनिचित्रफितींचा वेग कमी करता येतो आणि मुलाला हवी तेथे त्या थांबवताही येतात.

परदेशी, विशेषतः अमेरिकी गृहशिक्षणाचा तयार संच घ्यावा का?

घेण्यास हरकत नाही, पण दोन गोष्टी पाहून. अशा संचांपैकी काही धार्मिक कुटुंबांसाठी लिहिलेले असून त्यांत उत्क्रांतीचा सिद्धांत नाकारलेला किंवा गाळलेला असतो. आपल्या मंडळांच्या परीक्षेत उत्क्रांतीवर प्रश्न येतात, आणि परीक्षा बाजूला ठेवली तरी उत्क्रांतीशिवाय जीवशास्त्र म्हणजे नुसती नावांची यादी उरते. (एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग कमी केला असला तरी बारावीत तो आहे, आणि राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये तर ते पहिलेच प्रकरण आहे.) दुसरे म्हणजे, त्या संचांतील झाडे, पक्षी आणि परिसंस्था तिकडच्या असतात. ज्या मुलाला वाचून कल्पना करणे आधीच जड जाते, त्याच्यासमोर मेपलपेक्षा पिंपळ ठेवलेला बरा.

पुस्तक ऐकणे म्हणजे खरोखर शिकणे आहे का? त्याने वाचन आणखी मागे पडणार नाही का?

हा प्रश्न आजी-आजोबांकडून अधिक येतो, आणि तो काळजीपोटी येतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. डिस्लेक्सियाची अडचण मुख्यतः अक्षरांचे ध्वनीत रूपांतर करण्यात असते, अर्थ समजण्यात नसते. पंधरा वर्षांच्या मुलाची समज पंधरा वर्षांची असते, फक्त त्याच्या वाचनाचा वेग मागे असतो. जीवशास्त्र केवळ त्या वेगाने शिकवले तर मुलाच्या बुद्धीला तिच्या वयाचे खाद्य मिळत नाही. आमच्या घरात आम्ही दिवसाचे दोन स्वतंत्र तास ठेवले होते. एक विशेष शिक्षिकेने आखून दिलेल्या वाचन-सरावाचा, आणि दुसरा जीवशास्त्राचा, ज्यात वाचनाची परीक्षा नव्हती. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या तेव्हा दोन्ही बिघडल्या. वेगळ्या केल्यावर दोन्ही सुधारल्या.

ऐकताना शक्यतो पान समोर असावे आणि मुलाने बोट किंवा पट्टी ओळीखाली सरकवत जावे, म्हणजे नव्या संज्ञेचे रूप आणि ध्वनी एकत्र भेटतात. कायद्याने आपल्याला येथे आधार दिलेला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय प्रताधिकार कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातील प्रती तयार करण्याची मुभा आहे, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी अशी पुस्तके मिळतात. हवे ते पुस्तक तेथे आहे का, ते वर्षाच्या सुरुवातीलाच पाहावे.

संज्ञा पाठ होत नाहीत. काय करावे?

जीवशास्त्रातील सर्वांत मोठा अडसर हाच आहे. उच्चाराने जवळ असलेल्या जोड्या तर फारच छळतात : मायटॉसिस आणि मिऑसिस, ग्लायकोजेन आणि ग्लुकागॉन, युरेटर आणि युरेथ्रा. नेहमीची चूक म्हणजे असे दोन शब्द एकाच दिवशी, शेजारी शेजारी शिकवणे. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाच्या मनात ते एकमेकांत विरघळतात. एक शब्द चित्रासह, हालचालीसह, उदाहरणासह पक्का करावा, मध्ये आठवडाभर जाऊ द्यावा आणि मगच दुसरा आणावा, असे आम्ही केले.

शब्द तोडून शिकवणे हा दुसरा उपाय. ‘लायसिस’ म्हणजे फुटणे, ‘एंडो’ म्हणजे आतला, ‘सायटो’ म्हणजे पेशीचा. असे वीस-पंचवीस तुकडे आले की पुढील शेकडो संज्ञा परक्या वाटत नाहीत. मराठीतही ‘भित्तिका’, ‘पटल’, ‘कणिका’, ‘रंध्र’, ‘सूत्र’ हे तुकडे तसेच पुनःपुन्हा येतात. आम्ही प्रत्येक तुकड्याचे एक कार्ड केले होते. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मुलीने स्वतः काढलेले चित्र. मी काढलेली चित्रे तिच्या लक्षात राहत नसत, तिची ओबडधोबड चित्रे राहत, म्हणून चित्र मुलानेच काढावे असे मी आग्रहाने सांगते.

घरच्या चाचणीत उच्चारानुसार लिहिलेला शब्द बरोबर धरावा आणि त्याचे शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी वेगळे घ्यावे.

प्रयोगांचे काय? आमच्याकडे प्रयोगशाळा नाही.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी प्रयोग हाच मुख्य पाठ असतो आणि पुस्तक त्याची टिपणे. म्हणून जो अभ्यासक्रम प्रयोग शेवटी, परिशिष्टात टाकतो, तो मी निवडणार नाही.

एक साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक किंवा फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक घेतला की स्वयंपाकघरच पुरते. कांद्याच्या पापुद्र्यात पेशीभित्तिका दिसते, ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या जांभळ्या पानाची साल सोलून पर्णरंध्रे पाहता येतात आणि तीच साल मिठाच्या पाण्यात ठेवली की पेशीद्रव्य आकसताना दिसते. दह्यातील जिवाणू पाहायला मात्र अधिक वर्धनक्षमता आणि रंजकद्रव्य लागते. जास्वंदीचे फूल उभे कापून पुंकेसर आणि स्त्रीकेसर हाताने वेगळे केलेल्या मुलाला फुलाची आकृती पाठ करावी लागत नाही. मोड आलेले मूग तर प्रत्येक घरात असतातच.

घराबाहेर पुणे या विषयासाठी उदार आहे. वेताळ टेकडीवर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा उन्हाळ्यात त्याच वाटेने गेले, तर परिसंस्थेचे प्रकरण पायांनी वाचून होते. बाहेरून आणून लावलेला गिरिपुष्प आणि मूळची झाडे यांतील फरक तेथेच दाखवता येतो. पाषाण तलावाच्या काठचे थेंबभर पाणी काचपट्टीवर घेतले की एकपेशीय सजीव हलताना दिसतात (हात साबणाने धुवावेत, ते पाणी स्वच्छ नाही). कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात सरीसृप, एम्प्रेस गार्डनमध्ये जुने वृक्ष, आणि सेनापती बापट रस्त्यावर भारतीय विद्या भवनातील मुक्तांगण विज्ञान शोधिका, या जागी मुलाला प्रश्न विचारायला मोकळीक मिळते. नोंदी लिहून घेण्याचा आग्रह धरू नये. फोनवर आवाजात नोंद करावी आणि घरी आल्यावर त्यातून चार ओळी उतरवाव्यात.

मंडळाची प्रात्यक्षिक परीक्षा असेल, तर तेथील उपकरणांची सवय व्हावी म्हणून अभ्यास केंद्रातील सत्रे चुकवू नयेत.

सोपा केलेला, कमी मजकुराचा अभ्यासक्रम घ्यावा का?

वाक्ये सोपी असावीत, विचार सोपा नसावा. पेशीश्वसनाचे प्रकरण गाळून फक्त ‘पेशीला ऊर्जा मिळते’ एवढेच सांगणारी पुस्तके मी मुलीच्या हातात दिली नाहीत. ही मुले पुष्कळदा प्रक्रिया आणि कार्यकारणभाव फार चांगल्या रीतीने पकडतात. त्यांना कमी शिकवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

प्रमाणपत्र, जादा वेळ आणि लेखनिक यांची तयारी केव्हा करावी?

आजच. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये डिस्लेक्सियाचा विशिष्ट अध्ययन अक्षमतेत समावेश आहे, परंतु सवलतीसाठी अधिकृत शासकीय वैद्यकीय केंद्राचे प्रमाणपत्र लागते आणि खासगी समुपदेशकाचा अहवाल सहसा पुरत नाही. तपासणीची तारीख मिळायला वेळ लागतो. जुने प्रमाणपत्र असले तरी ते अजून ग्राह्य आहे का, हे मंडळाकडून लेखी विचारून घ्यावे. केंद्र शासनाच्या परीक्षाविषयक मार्गदर्शक सूचनांत दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितलेला आहे, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास अधिक.

लेखनिकाबाबत एक गोष्ट पालक फार उशिरा ओळखतात. लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावे लागते, म्हणजे बारावीच्या मुलाचा लेखनिक ‘आंतर्द्रव्यजालिका’ किंवा ‘एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम’ हा शब्द कदाचित आयुष्यात पहिल्यांदा ऐकत असतो. त्याला तो लिहिता येणार नाही, आणि मुलाला तो अक्षराअक्षराने सांगता येणार नाही. म्हणून परीक्षेच्या किमान सहा महिने आधीपासून, जीवशास्त्र न शिकलेल्या एखाद्या शेजारच्या मुलाला बसवून उत्तरे तोंडी सांगण्याचा सराव करावा. उत्तर आधी मनात मुद्द्यांत बांधणे, सावकाश सांगणे, लिहिलेले परत वाचून घेणे, ही स्वतंत्र कौशल्ये आहेत आणि ती एका आठवड्यात येत नाहीत. आकृत्या कोण काढणार, हेही मंडळाला आधी विचारावे. माझ्या मुलीने आकृत्या स्वतः काढल्या आणि मजकूर लेखनिकाला सांगितला.

मुलाला डॉक्टर व्हायचे आहे. नीटचा विचार कसा करावा?

नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात आणि प्रश्न बहुपर्यायी असतात. लिहावे लागत नाही म्हणून पालकांना हायसे वाटते, पण एकसारखे दिसणारे चार पर्याय आणि ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे’ अशी रचना डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला दीर्घोत्तरापेक्षाही अवघड जाऊ शकते. नकारदर्शक शब्दाभोवती प्रथम वर्तुळ काढण्याची सवय अकरावीपासूनच लावावी. पात्रतेचे नियम आणि सवलती त्या वर्षीच्या माहितीपत्रकातून वाचाव्यात, कोचिंग क्लासच्या सांगण्यावर विसंबू नये.

निवडलेला अभ्यासक्रम चुकला असे वाटले तर मध्येच बदलावा का?

आधी दोन आठवड्यांची एक चाचणी करून पाहावी. पेशीविभाजनासारखे एक प्रकरण घ्यावे. पहिल्या आठवड्यात त्याचा अर्धा भाग नेहमीप्रमाणे पुस्तकातून, आणि दुसऱ्या आठवड्यात उरलेला भाग ऐकून, मातीचे किंवा लोकरीच्या धाग्यांचे गुणसूत्र करून, तोंडी उत्तरांनी घ्यावा. दुसऱ्या भागात मूल मोकळेपणाने बोलू लागले, तर पाठ्यक्रम ठीक आहे, पुस्तक बदलावे किंवा त्याला आवाजाची जोड द्यावी. दोन्ही भागांत मूल अडखळले, तर आधीच्या इयत्तेतील पेशीची संकल्पनाच कच्ची असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा नवे पुस्तक विकत घेऊन काही साधत नाही. एक पायरी खाली उतरून कांद्याच्या पापुद्र्यापासून पुन्हा सुरुवात करावी. आम्हाला अकरावीच्या दिवाळीनंतर असे खाली उतरावे लागले, त्यात पाच आठवडे गेले, आणि जीवशास्त्राची परीक्षा एप्रिलऐवजी ऑक्टोबरमध्ये दिली.